डस्टर पलीकडच्या वर्गात

फळ्या फणसाच्या झाडाला टेकवून ठेवल्या होत्या. एकीला एक लागून, दुमडलेल्या, बिजागऱ्या अजून तशाच. पिरनवाडीच्या पुढं बसमधून उतरून तांबड्या मातीच्या वाटेनं घामाघूम होऊन मी शाळेच्या आवारात शिरले आणि आधी त्यांच्याकडेच गेले. माणसांना भेटायचं नंतर. फळीजवळ नाक नेलं. सागवानाचा वास केव्हाच उडून गेला असावा. आता होता तो खडूचा, बिजागऱ्यांना घातलेल्या खोबरेल तेलाचा आणि इतक्या वर्षांत त्यांना लागलेल्या पोरांच्या हातांचा. एका फळीत गाठ निखळून पडलेलं भोक होतं, तेही सापडलं. त्यातून चिंचोके, पेन्सिलीचे तुकडे आणि उत्तरं इकडून तिकडं जायची. मी त्या भोकात बोट घालून पाहिलं. बोट आता बसत नाही.

श्रुतीनं फोन केला होता. श्रुती म्हणजे माझी तिसरीतली विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत शिक्षिका. "टीचर, आपल्या तिसरी-चौथीच्या मधलं पार्टिशन काढलंय. भिंत घालायला लागल्यात. एकदा येऊन बघून जावा की." मी अनगोळात राहते, बेळगावातल्याच एका शाळेत शिकवते. शिल्लक रजा भरपूर आहेत, कारण रजा घेऊन करायचं काय हे मला कधी कळलेलं नाही. फोन ठेवला आणि सरळ रजा टाकली. लाकडाच्या फळ्या बघायला रजा टाकणारी बाई म्हणून घरात चेष्टा झाली, ती झालीच.

ही शाळा म्हणजे माझी पहिली नोकरी. सरकारी मराठी शाळा, लांबलचक कौलारू हॉल, आणि त्याचे वर्ग पाडणारी ही दुमडती पार्टिशनं. तिसरी माझी. पलीकडं चौथी, कांबळे सरांची. भातलावणी संपता संपता मी रुजू झाले तेव्हा गावभर चिखलाचा आणि शेणाच्या धुराचा वास होता आणि वर्गात ओल्या दप्तरांचा. पार्टिशन म्हणायला होतं. सरांनी पलीकडं सात नव्वे म्हटलं की माझी तिसरी इकडून त्रेसष्ट म्हणायची. मी कविता शिकवायला घेतली की चौथीतली पोरं ठेका धरायची. डी.एड.ला शिकवलेलं वर्गनियंत्रण असं पहिल्या आठवड्यातच त्या गाठीच्या भोकातून पळून गेलं.

आणि मग तो डस्टरचा दिवस आला.

माझा डस्टर खडूनं भरला होता. पुढच्या बाकावरच्या, दोन घट्ट वेण्या घातलेल्या पोरीला मी म्हटलं, "जा गं, डस्टर झाडून आण." ती पोरगी म्हणजे श्रुती. डस्टर दोन्ही हातांत धरून ती गेली ती बाहेर व्हरांड्यात नाही, थेट पलीकडच्या वर्गात.  मग खडखड करत पार्टिशन दुमडायला लागलं. मधली एक फळी अडायची, तिला कांबळे सरांनी खांदा लावला. हॉल उघडला, सर माझ्या वर्गाकडं बघून म्हणाले, "मुलांनो, इकडं तोंड करा," आणि माझी अख्खी तिसरी माझ्याकडं पाठ करून बसली. मला म्हणाले, "तुम्ही बसा, बाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी काय गुन्हा केला होता? माझं शिकवणं इतकं वाईट आहे का, की पलीकडून येऊन वर्ग काढून घ्यावा? मी तरातरा मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. सुमन आक्का. सगळी शाळा त्यांना आक्काच म्हणायची, गावही. घरची शेती, पहाटे धारा काढून शाळेत यायच्या, आणि त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. मी म्हटलं, "आक्का, माझं काय चुकलं ते तोंडावर सांगा."

आक्कांनी माझ्याकडं असं काही पाहिलं की मला आणखीच राग आला. इतक्या मायेनं. "आधी जेव," एवढंच म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत तर कहरच झाला. आक्कांनी आपल्या भाकरीचा वरचा पापुद्रा काढून माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला. कांबळे सरांनी निपाणीहून आणलेला ठेचा माझ्याकडं सरकवला. कन्नड शिकवणारे सर एरवी माझ्याशी बोलायचे नाहीत, तेही दारात येऊन "ऊटा आयता, टीचर?" म्हणून जेवणाची चौकशी करून गेले. कोणी मोठ्यानं हसेना, कोणी काही विचारेना. आणि एकदम माझ्या डोक्यात आलं, घरचं काहीतरी यांना कळलंय आणि मला सांगत नाहीत. आप्पा! माझे वडील तेव्हा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत होते, आणि फाउंड्रीत कधी काय होईल सांगता येत नाही. हात न धुता मी धावले ती नाक्यावरच्या दुकानात. तिथं रुपया टाकायचा फोन होता. फोन घरी लावला. उचलला आप्पांनीच.

"आप्पा, तुमी घरात कसं?"

"सेकंड शिफ्ट हाय की आज. का गं? काय झालं? रडूलालीस का?"

मी रडतच शाळेत परत आले आणि सांगितलं, आप्पा बरे आहेत, घरी सगळं बरं आहे, आता तरी कुणी सांगाल का काय झालंय. तेव्हा कुठं आक्कांनी विचारलं, "मग डस्टर का पाठवलीस गं?"

"झाडायला!"

आक्का इतक्या हसल्या की पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. कांबळे सर भिंतीला टेकले. आणि मग मला शाळेची रीत समजली. कुठल्याही सर्क्युलरात नसलेली, पण शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही पाठ असलेली.

वर्गात उभं राहणं ज्याला त्या दिवशी जमणार नाही, त्यानं आपला डस्टर पलीकडच्या वर्गात पाठवायचा. पलीकडच्यानं फळ्या सरकवायच्या आणि दोन्ही वर्ग घ्यायचे. घरी भांडण झालेलं असो, पोर तापानं फणफणलेलं असो, नाहीतर नुसतंच सकाळपासून जीव कुठं लागत नसो. कारण विचारायचं नाही. आपण होऊन सांगितलं तर ऐकायचं. आणि शाळा सुटताना तो डस्टर बाहेरच्या दगडावर आपटून, स्वच्छ झाडून, ज्याचा त्याच्या टेबलावर ठेवायचा. "इचारलं की माणूस खोटं सांगतंय," आक्का म्हणाल्या. "आन खोटं सांगून पुन्ना वर्गात कसं हुबं ऱ्हाणार? म्हणून इचारायचंच न्हाय."

त्या दिवशी माझाही डस्टर टेबलावर स्वच्छ होऊन आला. म्हणजे मी सांगितलेलं काम झालंच होतं म्हणायचं. श्रुतीला मी रागवायला गेले तर ती म्हणाली, "टीचर, मला वाटलं तुमास्नी बरं न्हाय."

त्यानंतर मी फळ्या कितीदा सरकवल्या त्याला हिशेब नाही. श्रावणात एका सोमवारी कांबळे सरांचा डस्टर आला. सर मागच्या बाकावर पोरांत बसून राहिले, खिडकीतून भाताकडं बघत. त्यांची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबलेली, तिच्या खोकल्यानं त्या वर्षी जोर धरला होता. हे मला फार पुढं कळलं. त्या दिवशी मी दोन्ही वर्गांना मिळून गाणी म्हणायला लावली, इतकी मोठ्यानं की कौलांवरची माकडं पळाली. सुट्टीत सर म्हणाले, "बाई, तुमचा सूर लई वाईट हाय." मला कळलं, सरांना जरा बरं वाटतंय.

गेल्याच महिन्यात आम्हां शिक्षकांना शहरात एक प्रशिक्षण होतं. भावनिक लवचिकता. पडद्यावर फुगे, बाण, हसरे-रडके चेहरे. शिकवणारी मुलगी गोड होती, तिचं काही चुकत नव्हतं. तिनं विचारलं, मन खचलं की तुम्ही कुणाकडं जाता? हॉलभर शिक्षक, सगळे आपापल्या वहीत बघायला लागले. मग मागून एकजण म्हणाला, "मोबाईलकडं," आणि सगळे हसले. मीही हसले. पण मला त्या वेळी खोबरेल तेलाचा वास आला, खरंच आला, आणि मधली अडणारी फळी खांद्याला जाणवली.

कारण त्या फळ्या माझ्यासाठी एकदा अशा सरकल्या होत्या की त्या सरकल्या नसत्या तर मी आज शिक्षिका नसते.

माझ्या तिसरीत सुजाता होती. श्रुतीच्या शेजारी, खिडकीकडच्या बाजूला बसायची. शीळ घालायची. मुलींनी शीळ घालू नये म्हणून मी तिला दटावायची आणि पाठ फिरली की हसायची. दिवाळीच्या सुट्टीत ती गेली. कसं झालं ते मी सांगत नाही. ते मला आजही नीट उच्चारता येत नाही.

सुट्टी संपून शाळा भरली त्या सकाळी शेतांत रताळी काढणं चालू होतं. उकरलेल्या मातीचा गोडसर वास सगळ्या वाटेवर होता. मी वर्गाच्या दारापर्यंत गेले. पोरं उभी राहिली, "नमस्ते टीचर" म्हणाली. एकजण कमी आहे हे त्या आवाजातही कळत होतं. आता हजेरी घ्यायची, आणि श्रुतीच्या नावानंतर तिचं नाव यायचं. मी हातातला खडू टेबलावर ठेवला, मागं वळले आणि कुणाला न सांगता बस पकडून अनगोळात परत आले.

आप्पांना म्हटलं, मी पुन्हा जाणार नाही. कुठल्याच शाळेत नाही. उद्या दुसऱ्या कुणाचं होईल, मला हे झेपणार नाही. फाउंड्रीच्या ऑफिसात टायपिंगला बाई हवी होती, तिथं चिकटवा. आप्पा शांतपणे म्हणाले, "चिकटीवतो. पर त्या आक्कास्नी सांगून तरी ये. न सांगता यायची पद्धत न्हाय आपली."

म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेले. फक्त सांगायला. वाटभर वाक्य जुळवत होते. हॉलच्या दारात आले तर पार्टिशन पार भिंतीपर्यंत दुमडलेलं. तिसरी आणि चौथी एकत्र, कांबळे सर मधोमध. माझी खुर्ची मागं खिडकीजवळ नेऊन ठेवलेली. आक्का दारातच भेटल्या.

"आक्का, मी सांगायला आलेय, की मी आता..."

"सांग की. जेवणाच्या सुट्टीत सांग. बस जा आदी."

मी खुर्चीवर बसले. सरांनी त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, "सुजाताचं कुणाला काय आठवतंय? काय बी सांगा."  मग एक मुलगा म्हणाला, तिनं माझा चिंचेचा गोळा खाल्ला आणि वर म्हणाली आंबट न्हाय. दुसरी म्हणाली, ती कबड्डीत लई ओरडायची. श्रुती म्हणाली, ती मला शीळ शिकवत होती, पण मला अजून येत न्हाय. आणि तिनं तिथंच ओठ गोल करून फू फू केलं. नुसती हवा. पोरं हसली, मग सगळीच फू फू करायला लागली. पोरांचा तो अख्खा हॉल शीळ घालायला बघत होता आणि कुणालाही येत नव्हती. मी हसता हसता हुंदका देऊन रडले. कुणी मागं वळून बघितलं नाही. सर म्हणाले होते, इकडं तोंड करा.

जेवणाच्या सुट्टीत आक्कांनी उकडलेली रताळी आणली होती. मी म्हटलं, "आक्का, मी सांगणार होते..."

"शाळा सुटल्यावर सांग. रताळं गरम हाय तवर खा."

शाळा सुटल्यावर म्हणाल्या, "आता माजी म्हस खोळंबलीया. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवणाच्या सुट्टीत, पुन्हा शाळा सुटल्यावर, पुन्हा उद्या. तो उद्या कधी आलाच नाही. मी रोज सांगायला म्हणून शाळेत जायची आणि खिडकीजवळ बसून परत यायची. आक्कांना माझं वाक्य शब्दन् शब्द ठाऊक होतं आणि ते त्यांनी मला कधी बोलू दिलं नाही. आयुष्यात माझ्यावर अनेकांनी उपकार केले, पण मला बोलू न देण्याचा हा उपकार सगळ्यांत मोठा.

एकदा मी सरांना म्हटलं, "सर, मी डस्टर पाठवला नव्हता."

सरांनी आपल्या टेबलाकडं बोट केलं. माझा डस्टर तिथं होता. "तुमी बस धरायला गेलासा, आन मागनं ही आली." त्यांनी श्रुतीकडं पाहिलं. "म्हटली, आमच्या टीचरचा डस्टर हाय. घ्या."

आठ वर्षांची पोर. जिच्या शेजारची जागा रिकामी झाली होती ती. तिचा डस्टर कुणी न्यायचा होता, हे मी तेव्हा मनात आणलं नाही. ते सरांनी आणलं. त्या दिवसांत पाटी पुसायचं, घंटा द्यायचं, पाणी भरायचं काम सर तिलाच सांगायचे, आणि तिच्या शेजारी रोज एकेकाला आळीपाळीनं बसवायचे.

मग एका सकाळी, का ते माहीत नाही, मी उठले आणि भिंतीकडची पहिली फळी ओढून सरळ केली. एकच. सर शिकवत होते, थांबले नाहीत. काही दिवसांनी आणखी एक. पार्टिशन हळूहळू भरत गेलं आणि सरांचा आवाज थोडा थोडा पलीकडं राहायला लागला. मधली अडणारी फळी बरेच दिवस तशीच होती. ती मी बंद केली त्या दिवशी बाहेर थंडी होती, मळणीची धूळ उडत होती. फळी लागली, माझ्यासमोर माझी तिसरी होती, आणि मी हजेरी घेतली. श्रुतीच्या नावानंतर एक श्वास थांबले आणि पुढचं नाव घेतलं. पोरंही थांबली होती. गाठीच्या भोकातून कांबळे सरांचा डोळा दिसला आणि लगेच गेला. सुट्टीत टेबलावर माझा डस्टर होता, इतका स्वच्छ की नवा वाटावा.

आज आक्का नाहीत. कांबळे सर निपाणीत नातवंडांत रमलेत. अजून फोनवर माझ्या सुराची चौकशी करतात. मला मात्र या शाळेतून बदली झाल्यापासून डस्टर पाठवायला शेजार सापडला नाही. शहरातल्या शाळेत भिंती पक्क्या आहेत, आणि आता तर पांढरे फळे आणि मार्कर.

हे सगळं मी श्रुतीला व्हरांड्यात बसून सांगत होते. तिला माहीत असलेलंच. तिनं चहा केला होता. "साखर बास का, टीचर?" असं मधूनच विचारत होती. हॉलमध्ये नव्या विटांची भिंत कमरेपर्यंत आली होती. सिमेंटचा ओला वास खडूच्या वासावर बसला होता. भिंतीच्या पलीकडची खोली रिकामी. पलीकडचे सर बदलून गेले, जागा भरलेली नाही. पोरं कमी झाली तरी सगळ्या वर्गांना मिळून एकटी श्रुती. ती फार बोलत नव्हती. मला आपलं वाटलं, मीच बोलतेय म्हणून.

घंटा झाली. पोरं आत गेली. श्रुती उठली नाही.

मग उठली, आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात डस्टर होता. लाकडी पाठीचा, जुन्या पद्धतीचा. तिनं तो दोन्ही हातांत धरून माझ्यापुढं केला. अगदी तसाच, त्या दिवशी नेला होता तसा.

तेव्हा कळलं, मला फळ्या बघायला बोलावलंच नव्हतं. पलीकडं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिनं अनगोळला फोन केला होता.

'काय झालं गं' हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. डस्टर घेतला. तिची खुर्ची उचलून मागं खिडकीजवळ नेली, आणि तिला खुणेनं बस म्हटलं.

"टीचर," ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी तुमास्नी सांगणार होते, मी आता ही नोकरी..."

"सांग की," मी म्हटलं. "जेवणाच्या सुट्टीत सांग."

पुढची वाक्यं मला पाठ होती, आणि रजाही भरपूर शिल्लक होत्या. मी वर्गाकडं वळले आणि म्हटलं, "मुलांनो, इकडं तोंड करा."